प्रमाण चुकलं, हिशेब नाही

मिरच्यांचा हिशेब मी स्वतः मांडला होता आणि तो बरोबर होता. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या घरात ती गोष्ट निघाली की खापर अजूनही माझ्याच डोक्यावर फुटतं.

चाळीसगावपासून जवळच आमचं शेत आहे. पुतण्याच्या लग्नानंतरच्या पौषात दोन्हीकडच्या मंडळींना तिथे भरीत खायला बोलवायचं ठरलं. खानदेशात हिवाळ्यात पाहुण्याला शेतावर नेऊन भरीत घातलं नाही, तर तो पाहुणचारच नव्हे. कपाशीच्या पळकाट्यांचा जाळ करायचा, त्यात वांगी भाजायची, सोलून मिरची-लसणाबरोबर लाकडी बडगीत ठेचायची, वर शेंगदाणे आणि कांद्याची पात, सोबत कळण्याच्या पुऱ्या. माणसं १२० होणार होती. सासूबाईंच्या वहीत भरताचं माप होतं, १० माणसांचं. मी ३१ वर्षं शाळेत गणित शिकवलं. दहाला इतकं तर एकशेवीसला किती, हे मला कुणाला विचारायची गरज नव्हती. वांगी, लसूण, शेंगदाणे, मिरच्या, सगळ्याला बाराने गुणलं आणि यादी बाजारात धाडली.

पंगत बसली. पहिल्या घासाला सगळे गप्प. मला वाटलं, चव लागली. मग व्याह्यांनी डोळ्यांना रुमाल लावला. त्यांच्या शेजारच्या आजोबांना उचकी लागली. पोरंसोरं ताटं टाकून हौदाकडे पळाली. खानदेशी माणूस तिखटाला घाबरत नाही, पण त्या दिवशी आमच्याकडचे गडीसुद्धा पुऱ्या नुसत्या गुळाशी खाताना मी पाहिले. गावातून दह्याची दोन पातेली आली तेव्हा कुठे जेवणं पार पडली.

आमच्या भागातले एक जुने आचारी पंगतीत होते. सगळं गाव त्यांना मामा म्हणतं. त्यांनी बोटाच्या टोकावर भरीत घेतलं, जिभेला लावलं आणि हळूच म्हणाले, “बाई, प्रमाण चुकलं.”

रात्री मी वही पुन्हा काढली. बारा गुणिले इतकं बरोबर इतकं. तीनदा तपासलं. चूक कुठे सापडेना. मामांचं ते वाक्य मात्र कानातून जाईना. त्यांना म्हणायचं होतं ते साधंच, की मिरची जास्त पडली. पण ज्या बाईने आयुष्यभर फळ्यावर ‘गुणोत्तर व प्रमाण’ असं शीर्षक लिहिलं, तिला त्यात दुसरंच काही ऐकू आलं. प्रमाण हे आपल्या जुन्या गणितात एका विशिष्ट जागेचं नाव आहे. त्रैराशिकातल्या पहिल्या राशीचं.

त्रैराशिक हा शब्द माझ्या सासऱ्यांच्या पिढीला रोजचा होता. त्यांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी हे सगळे पाढे तोंडपाठ. औट म्हणजे साडेतीन. बाजारात कुणी साडेतीनपट काही सांगितलं तर ते कागद शोधत नसत. माझ्या विद्यार्थ्यांनी त्रैराशिक हा शब्द ऐकला तो बहुतेक माझ्याच तोंडून, कारण पुस्तकात आता ‘एकमान पद्धत’ असते. आधी एका वस्तूची किंमत काढायची, मग हव्या तितक्या वस्तूंची. पद्धत सोपी आहे, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्रैराशिकाबरोबर तीन सुंदर शब्द शाळेबाहेर गेले, ते मला अजून सलतं.

ते शब्द असे. दहा माणसांना अडीच किलो वांगी लागतात, तर एकशेवीस माणसांना किती? इथे दहा हे ‘प्रमाण’. अडीच किलो हे ‘फल’. आणि एकशेवीस ही ‘इच्छा’. फलाला इच्छेने गुणायचं, प्रमाणाने भागायचं, की येतं ते ‘इच्छाफल’. आपलं उत्तर, तीस किलो. ज्याची माहिती आहे ते प्रमाण, त्यापासून मिळालेलं ते फल, आणि जे विचारायचं आहे ती इच्छा. अंकगणिताच्या रुक्ष पानावर ‘इच्छा’ हा शब्द लिहिणारा माणूस कधीतरी दुकानात पैसे मोजत उभा राहिलेला असणार, असं मला नेहमी वाटतं.

हे शब्द आर्यभटाच्या ‘आर्यभटीया’त आहेत. तो ग्रंथ इ.स. ४९९ चा, आर्यभटाचं वय तेव्हा २३. ब्रह्मगुप्ताने ६२८ साली तोच नियम दिला. पेशावरकडच्या बख्शाली गावात १८८१ साली जमिनीतून भूर्जपत्रांवरचं एक गणिताचं हस्तलिखित निघालं, त्यातही त्रैराशिक आहे. अकराव्या शतकात अल्‌बिरुनीने या भारतीय ‘राशिकां’वर अरबीत स्वतंत्र पुस्तक लिहिलं. पुढे युरोपातल्या व्यापाऱ्यांच्या पोरांना हाच तीनचा नियम घोकावा लागला आणि तिकडे त्याला सोन्याचा नियम म्हणायचे.

माझी ओळख मात्र ‘लीलावती’तून झाली. भास्कराचार्यांनी ती ११५० साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी लिहिली. अकबराच्या सांगण्यावरून फैजीने १५८७ साली तिचा फारसीत अनुवाद केला, आणि १८१६ साली जॉन टेलर यांचा इंग्रजी अनुवाद मुंबईत छापला गेला. लीलावतीतल्या त्रैराशिकात केशर आहे, कापूर आहे, धान्य आहे. एक उदाहरण सांगते. तीन सप्तमांश निष्काला अडीच पळं केशर मिळत असेल, तर नऊ निष्कांना किती? अडीचला नवाने गुणा, तीन सप्तमांशाने भागा. साडेबावन्न पळं. दुसरं कापराचं: त्रेसष्ट पळं उत्तम कापूर १०४ निष्कांना, तर सव्वाबारा पळांना किती? उत्तर वीस निष्क आणि वर दोन नवमांश. सव्वाबारा आणि तीन सप्तमांश हे आकडे मुद्दाम अडचणीचे घेतलेले आहेत. कुठल्याही गणिताच्या मास्तराची ही खोडी मी लांबून ओळखते. जग जसं नारायणाने व्यापलं आहे, तसं सगळं गणित त्रैराशिकाने व्यापलं आहे, अशा अर्थाचंही भास्कराचार्यांनी एके ठिकाणी लिहून ठेवलं आहे.

आता ‘राशी’. आपण राशी म्हटलं की मेष-वृषभ आठवतात. पण शेतकऱ्याच्या घरात राशीचा पहिला अर्थ खळ्यावर असतो. मळणी झाली, धान्य वारवलं, की मधोमध जो ढीग होतो ती रास. रास पुजल्याशिवाय माप लावत नसत. संस्कृतातला राशी म्हणजेही आधी ढीग, मग संख्येचा ढीग, म्हणजे कोणतीही मोजायची गोष्ट. त्रैराशिक म्हणजे तीन राशींचा व्यवहार, आणि पुढे पाच, सात, नऊ, अकरा राशींपर्यंत हा संसार वाढतो.

लीलावतीत धान्याच्या राशीचंही एक गणित आहे, ते मला खळ्यावर उभं केल्यासारखं वाटतं. सात आढकांच्या मापाने रास मोजली तर शंभर मापं भरली. तीच रास पाच आढकांच्या मापाने मोजली तर किती भरतील? इथे नेहमीचा नियम उलटा होतो. माप लहान, तर गणती मोठी. सात गुणिले शंभर, भागिले पाच. एकशे चाळीस. याला ‘व्यस्त’ त्रैराशिक म्हणतात. व्यस्त म्हणजे उलट. हल्ली मराठी माणूस हिंदीच्या नादाने ‘मी जरा व्यस्त आहे’ म्हणतो, तेव्हा मला तो पाय वर करून उभा दिसतो.

याच व्यस्त त्रैराशिकात एक उदाहरण आहे, जे मी वर्गात कधीच घेतलं नाही. सोळा वर्षांच्या स्त्रीला बत्तीस निष्क मिळत असतील, तर वीस वर्षांच्या स्त्रीला किती? उत्तर पंचवीस आणि तीन पंचमांश. त्याला लागूनच बैलाच्या किमतीचं गणित आहे. काळ तसा होता, बाजारात दासी विकल्या जात होत्या, हे सगळं समजतं. तरी वय वाढलं की बाईची किंमत त्या हिशेबात उतरते, हे व्यस्त प्रमाण सातवीच्या मुलींपुढे फळ्यावर मांडायला माझा हात उचलला नाही. आठशे वर्षांपूर्वीच्या ग्रंथावर प्रेम करताना एवढं म्हणायची मोकळीक असावी.

प्रमाणाकडे परत येते. हा शब्द ‘मा’ या धातूपासून आला. मा म्हणजे मापणे, मोजणे. त्याला ‘प्र’ लागला. याच धातूचं कुटुंब आपल्या घरात सगळीकडे पसरलेलं आहे: माप, मान, परिमाण, अनुमान, उपमा. ‘तापमान’ आणि ‘पर्जन्यमान’ यांतलं मान तेच, आणि ‘वयाच्या मानाने पोर शहाणं आहे’ म्हणतो त्यातलंही तेच.

पण प्रमाण या शब्दाला दोन तोंडं आहेत. एक ‘मीठ प्रमाणात घाल’ मधलं, दुसरं ‘प्रमाणपत्र’ मधलं. एक किती ते सांगतं, दुसरं खरं की खोटं ते सांगतं. वर्गात एका मुलीने मला हे विचारलं होतं आणि मी ‘संस्कृतात एका शब्दाचे अनेक अर्थ असतात’ असं काहीतरी गुळमुळीत बोलून तिला बसवलं. तिची क्षमा मागायला हवी. ते दोन अर्थ वेगळे नाहीतच.

आपल्या दर्शनांत प्रमाण म्हणजे ज्ञान मिळवायचं साधन. न्यायशास्त्राने चार प्रमाणं मानली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. डोळ्यांनी पाहिलं, धूर पाहून आग ओळखली, ओळखीच्या गोष्टीवरून अनोळखी ओळखली, किंवा विश्वासाच्या माणसाने सांगितलं. ज्याने मोजून घेता येतं ते प्रमाण. मग ते धान्य असो की एखाद्याचं म्हणणं. त्रैराशिकातली पहिली राशीही हेच काम करते. दहा माणसांना अडीच किलो पुरतं, हे कुणीतरी करून पाहिलेलं आहे. ती साक्ष आहे. त्या साक्षीच्या जोरावर आपण न पाहिलेल्या एकशेवीस माणसांबद्दल बोलतो. गणिती नियम साक्षीदाराला प्रश्न विचारत नाही, तो फक्त त्याचं बोलणं बारा पटीने मोठं करतो.

मराठीने तर या शब्दाला व्याकरणातच बसवून टाकलं. ‘सांगितल्याप्रमाणे’, ‘नेहमीप्रमाणे’, ‘ठरल्याप्रमाणे’. दर वेळी आपण एक गोष्ट माप म्हणून धरतो आणि दुसरी तिच्याशी लावून बघतो. हिंदीत ‘प्रमाण’ म्हणजे बहुधा पुरावाच, आणि गुणोत्तराला तिथे ‘अनुपात’ म्हणतात. दोन्ही अर्थ एका चुलीवर मराठीत शिजतात. ‘प्रमाणवेळ’ म्हणजे एका रेखांशावरची वेळ साऱ्या देशाने आपली मानायची. आणि ‘प्रमाण मराठी’ म्हणजे? आमच्याकडे घरात अहिराणी. शाळेत ‘इतली’ म्हटलं की बाई ‘एवढी’ करायला लावायच्या, आणि पुढे मीही तेच केलं. कुणाच्या तरी तोंडची भाषा प्रमाण राशी ठरली आणि बाकीच्यांना आयुष्यभर तिने भागत बसावं लागलं. असो.

‘गुणोत्तर’ची गोष्ट जास्त गमतीची आहे. आज आपण दोन संख्यांच्या भागाकाराला गुणोत्तर म्हणतो. लीलावतीत मात्र गुणोत्तर म्हणजे गुणाकाराने वाढत जाणारी मालिका. उत्तर म्हणजे पुढे, वर, अधिक. ‘बावीस पंचे दाहोदरसे’ हा पाढा आठवतो का? दाहोदरसे म्हणजे दशोत्तरशत, शंभराच्या वर दहा. अंदाजाने ठोकून देणाऱ्याला आपण ‘अंदाजपंचे दाहोदरसे’ म्हणतो, त्यातही हे उत्तर लपलेलं आहे. तर दर पावलाला ठरावीक मिळवत गेलं की साधी श्रेढी, आणि दर पावलाला ठरावीक गुणत गेलं की गुणोत्तर. हिंदीत अजूनही त्या मालिकेला गुणोत्तर श्रेणी म्हणतात. आपण मालिकेला ‘भूमिती श्रेढी’ असं नाव दिलं आणि मोकळं झालेलं गुणोत्तर दोन संख्यांच्या नात्याला देऊन टाकलं. गुजरातीतही दोन संख्यांच्या नात्याला गुणोत्तरच म्हणतात.

भास्कराचार्यांचं गुणोत्तराचं उदाहरण एका दानशूर माणसाचं आहे. त्याने पहिल्या दिवशी दोन कवड्या दिल्या आणि रोज दुप्पट द्यायचं वचन दिलं, महिनाभर. एका निष्कात २०,४८० कवड्या. महिन्याअखेर गृहस्थाच्या अंगावर १,०४,८५७ निष्क आणि वरची चिल्लर येते. हे मी मुलांना मुद्दाम कवडी-कवडीने करायला लावायचे. विसाव्या दिवसाच्या आसपास वर्गात कुजबूज सुरू व्हायची.

आणि गंमत अशी, की असंच दुपटीचं गुणोत्तर आमच्या घरात सासूबाईंच्या कोठीत उभं होतं. निळवं, कोळवं, चिपटं, मापटं, शेर, अधोली, पायली. दोन निळव्यांचं कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. प्रत्येक माप आधीच्याच्या दुप्पट. चौसष्ट निळवी ओतली की पायली भरते. या मालिकेला कुणी गणित म्हणत नव्हतं, सुना-लेकी ती भांडी घासत होत्या इतकंच.

त्या रात्री मला हे आठवायला हवं होतं. आठवलं नाही.

पुढच्याच आठवड्यात पाहुण्यांना घेऊन पाटणादेवीला गेले. चाळीसगावपासून अठरा-वीस किलोमीटर, डोंगराच्या कुशीत. तिथे एक शिलालेख आहे, १२०७ च्या सुमाराचा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने इथे मठ काढला, आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला दान दिलं. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख अभ्यासकांपुढे आणला. शाळेच्या सहली घेऊन मी तिथे कितीदा गेले असेन. मुलांना ‘हे बघा, भास्कराचार्य’ म्हणायचं आणि डब्याला बसायचं, असा आमचा अभ्यास.

लेखाचा बराच भाग संस्कृतात आहे, तो वंशावळीचा आणि स्तुतीचा. पण शेवटी भाषा बदलते आणि त्या वेळची मराठी सुरू होते. का? कारण शेवटी पैशाची आणि तेलाची गोष्ट आहे. मठाला काय मिळणार, ते बाजारातल्या माणसाला समजायला हवं. गिऱ्हाइकाकडून दामाचा विसोवा, म्हणजे विसावा हिस्सा. जितके घाणे चालतील त्यांतल्या प्रत्येकामागे पळी पळी तेल. त्रैराशिक शिकवणाऱ्या मठाचा खर्चच मुळी त्रैराशिकावर चालायचा. घाणे वाढले की तेल वाढणार, बाजार बसला की मठाचा दिवाही बारीक.

जाता जाता, दाम हा शब्द ‘द्रम्म’वरून आला आणि द्रम्म ग्रीकांच्या नाण्यावरून. दाम आला, दामदुप्पट आलं, आणि तेही प्रमाणच: व्याज मुद्दलापेक्षा वर जाऊ द्यायचं नाही, हा जुना दंडक.

मी त्या ओळींपाशी उभी होते आणि पळीवर अडकले. एक पळी म्हणजे किती? लेखात सांगितलेलं नाही. सांगायची गरजच नव्हती, कारण तेव्हा पाटणच्या बाजारात पळी कुठल्याही दुकानात टांगलेली असणार. आज पळी माहीत नाही म्हणून सगळं गणित अडतं. आणि तिथे, त्या दगडासमोर, मला सासूबाईंच्या वहीतली ओळ आठवली. ‘मिरच्या एक चिपटं.’

घरी येऊन वही उघडली. वांगी अडीच किलो, हे सासूबाईंनी पुढे कधीतरी खोडून नव्याने लिहिलेलं होतं, निळ्या शाईत. मिरच्यांची ओळ मात्र जुनीच, काळ्या शाईत. मी यादी करताना चिपट्याचा विचार असा केला होता: चार चिपट्यांचा शेर, म्हणजे चिपटं पावशेर, म्हणजे पाव किलो. बारा माणसांच्या घरात लहानाची मोठी झालेली मी, पावशेर आणि पाव किलो एकाच दमात म्हणून गेले. पण चिपटं हे वजन नव्हे, ते भरायचं माप आहे. त्यात ज्वारी भरली तर जेवढं वजन भरेल, त्याच्या जवळपासही मिरच्यांचं भरणार नाही. मिरच्या वेड्यावाकड्या पडतात, मधे निम्मी हवा असते.

माळ्यावर चढले. जुन्या ट्रंकेत, कापडात गुंडाळलेलं, चिपटं निघालं. बाकीची मापं मोडीत गेली होती, त्यातली काही मीच भांडीवाल्याला दिली होती. एवढं एक राहिलं, कारण धाकट्या मुलाने त्यात गोट्या ठेवल्या होत्या. घासून घेतलं, हिरव्या मिरच्या शीग लावून भरल्या आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर ओतल्या. ८० ग्रॅम. मी धरले होते २५०. एकशेवीस माणसांना लागणार होत्या ९६० ग्रॅम, म्हणजे किलोभर, आणि मी ठेचून घातल्या होत्या तीन किलो.

काटेकोर बोलायचं तर त्रैराशिकाच्या भाषेत माझं प्रमाण चुकलं नव्हतं, ते तर दहा माणसं हेच होतं. चुकलं होतं फल. हे मामांना सांगायला मी गेले नाही. बाजारच्या दिवशी भेटले तेव्हा चिपट्याची हकिगत मात्र सांगितली. ते हसले. म्हणाले, “बाई, मी तर पहिल्या घाण्याचं चाखूनच पुढचं टाकतो.” म्हणजे वहीतल्या साक्षीवर विसंबायचं नाही, आपला साक्षीदार आपण तिथल्या तिथे उभा करायचा. नैयायिकांच्या यादीत प्रत्यक्ष सगळ्यांत आधी येतं.

वहीत मी आता सासूबाईंच्या ओळीखाली लिहून ठेवलं आहे: चिपटं, मिरच्या ८० ग्रॅम, ज्वारी १८० ग्रॅम, पाणी २२५ मिलिलिटर, आमच्या घरच्या चिपट्याचं. गावोगाव मापं वेगळी होती, तेव्हा हा आकडा आमच्यापुरताच. मीठ चवीप्रमाणे.

तुमच्याही माळ्यावर एखादं मापटं, अधोली, शेर पडलेला असेल. मोडीत द्यायचा असेल तर द्या, जागा कुणाला पुरते? पण देण्याआधी त्यात पाणी भरून एकदा मोजा, आणि आकडा आजीच्या वहीत, तिच्याच ओळीशेजारी, लिहून ठेवा.